कडेच्या भूमिका : फ्रेंच सहनिर्मितीतली मुंबई आणि तीन मराठी अभिनेत्री

२०२४ च्या सप्टेंबर महिन्यात छाया कदम यांच्या वाट्याला एक चमत्कारिक योग आला. ऑस्करला पाठवायच्या चित्रपटासाठी फ्रान्सच्या समितीने चार नावांची यादी केली, तिच्यात पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' होता. त्याच महिन्यात भारताच्या फिल्म फेडरेशनने आपली निवड जाहीर केली, ती किरण राव यांच्या 'लापता लेडीज'ची. पहिल्या चित्रपटात कदम रुग्णालयात स्वयंपाक करणारी पार्वती आहेत, दुसऱ्यात रेल्वे फलाटावर टपरी चालवणारी मंजू माई. पुढे फ्रान्सने 'एमिलिया पेरेझ' पाठवला आणि 'लापता लेडीज' अकादमीच्या पहिल्या गाळणीतच बाहेर पडला. दोन देशांच्या विचाराधीन चित्रपटांत एकाच वेळी असलेली ही अभिनेत्री दोन्हीकडे नायिका नव्हती. दोन्हीकडे ती कडेला उभी होती.

कपाडियांचा चित्रपट भारताने का पाठवला नाही, याचे जे कारण फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितले, ते पुष्कळ गाजले. निवड समितीला तो भारतात घडणारा युरोपीय चित्रपट वाटला, असा त्याचा आशय होता. कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट पोचला तो १९९४ च्या 'स्वाहम्'नंतर तीस वर्षांनी, आणि मे २०२४ मध्ये त्याने ग्रां प्री मिळवले. त्यामुळे हे कारण अनेकांना क्षुद्र वाटले. पण प्रश्न क्षुद्र नाही. मुंबईत घडणारा, मल्याळी नायिकांचा, फ्रेंच निर्मात्यांनी उभा केलेला चित्रपट कुणाचा? पैसा कुणाचा, दिग्दर्शक कुठला, भाषा कोणती, या नेहमीच्या कसोट्यांनी त्याचे उत्तर लागत नाही. या लेखात दुसरी कसोटी लावून पाहायची आहे. चित्रपटाने आपल्या दुय्यम भूमिकांचे काय केले, हे पाहायचे. त्यासाठी फ्रेंच सहनिर्मितीतले, मुंबईत घडणारे तीन चित्रपट घेतले आहेत : 'द लंचबॉक्स' (२०१३), 'सर' (२०१८) आणि 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' (२०२४). त्यांतल्या तीन मराठी अभिनेत्री म्हणजे भारती आचरेकर, गीतांजली कुलकर्णी आणि छाया कदम.

हे सारे नंदुरबारहून लिहिले जात आहे, हेही आधीच सांगायला हवे. इथून सुरत जवळ, मुंबई लांब. पोटासाठी बाहेर पडणाऱ्यांपैकी कितीतरी जण तापीकाठच्या रेल्वेने पश्चिमेकडे जातात. पडद्यावरची मुंबई आम्हांलाही थोडी परकीच असते. अशा प्रेक्षकाची नजर नायक-नायिकेपेक्षा कडेच्या माणसांवर लवकर जाते, कारण ओळखीचे कुणी सापडले तर तिथेच सापडते.

आधी फ्रेंच पैशाविषयी. भारत आणि फ्रान्स यांच्यात चित्रपट सहनिर्मितीचा करार झाला तो १९८५ साली. त्याच्या आदल्या वर्षी फ्रान्सने दक्षिणेकडच्या देशांतल्या चित्रपटांसाठी 'फाँ स्यूद' हा निधी सुरू केला होता. २०१२ मध्ये त्याची जागा 'जगातील चित्रपटांना साहाय्य' या अर्थाच्या नव्या योजनेने घेतली. मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे!'मध्येही फ्रेंच भागीदार होते. १९८८ साली कानला त्याला पदार्पणाचे कॅमेरा द'ओर मिळाले आणि त्यातल्या बाबाच्या भूमिकेत नाना पाटेकर बाहेरच्या जगाला दिसले. सहनिर्मितीत पैशाबरोबर माणसेही येतात. कपाडियांच्या चित्रपटाचे संकलन क्लेमाँ पँतो या फ्रेंच संकलकाचे आहे. तेव्हा तिकडच्या सवयी चित्रपटात झिरपत नाहीत, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल.

पण तिकडच्या सवयी म्हणजे काय, हेही पाहू. फ्रेंच चित्रपटात दुय्यम नटाला जुना मान आहे. त्यांच्या सेझार पुरस्कारांत १९७६ च्या पहिल्या समारंभापासून सहाय्यक भूमिकांना वेगळे पारितोषिक आहे. रेमों शिरा आणि ऑलिव्हिए बारो यांनी १९८३ मध्ये जुन्या फ्रेंच चित्रपटांतल्या अशा अवलिया नटांवर एक अख्खे पुस्तक काढले. या नटांतला ज्युलियां कारेत आपल्या फिल्म सोसायट्यांच्या प्रेक्षकांनी अनेकदा पाहिलेला आहे, फक्त नाव ठाऊक नसते. ज्याँ रेन्वार यांच्या 'ला ग्राँद इल्युझियाँ'त (१९३७) युद्धकैद्यांच्या छावणीतला नकलाकार कारेत आहे. 'ला बेत युमेन'मध्ये (१९३८) ज्याँ गाबँच्या इंजिनावर कोळसा टाकणारा तोच. आणि 'ला रेग्ल द्यू ज्यू'मध्ये (१९३९) सरदाराच्या रानात चोरून सशांचे फासे लावणारा मार्सो तोच.

हा मार्सो आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. सारी बडी मंडळी पॅरिसहून शिकारीला आलेली. त्या रानाची खरी माहिती असलेला माणूस एकच, आणि कायद्याने तोच चोर. सरदार त्याला वाड्यावर नोकरी देतो. गणवेश घालायला मिळणार म्हणून मार्सो हरखतो. वाड्यातले नाटक चिघळते तेव्हा त्याला काढून टाकतात आणि तो पुन्हा रानाकडे वळतो. कारेतच्या वाट्याला थोडीच दृश्ये आहेत, पण ती काढली तर त्या वाड्याखालची जमीनच निघून जाते. बाकीचे तिथे पाहुणे आहेत. मार्सो त्या जागेचा आहे. दुय्यम भूमिकेचे हे एक जुने काम : गोष्ट इतरांची, जागा तिची.

आता मुंबई. रितेश बत्रा यांचा 'द लंचबॉक्स' हा भारत, फ्रान्स आणि जर्मनी यांच्या सहनिर्मितीतला चित्रपट. कानच्या 'क्रिटिक्स वीक' विभागात तो प्रथम दाखवला गेला. चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या डब्यातून इला आणि साजन फर्नांडिस यांच्यात सुरू होणारा पत्रव्यवहार सर्वांना ठाऊक आहे. इलाच्या वरच्या मजल्यावर देशपांडे आंटी राहतात. त्या पडद्यावर एकदाही दिसत नाहीत. खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली येते, तिच्यात मसाला असतो. बाकी सारा आवाज. हा आवाज भारती आचरेकरांचा.

नुसत्या आवाजाची भूमिका म्हणजे दुय्यमातली दुय्यम, असे वाटू शकते. आचरेकर या माणिक वर्मांच्या कन्या. आवाज हे त्या घराचे वतन. 'वागले की दुनिया'तली राधिका म्हणून १९८८ पासून त्यांचा चेहरा देशाला ओळखीचा आहे. तो चेहरा काढून घेतल्यावर काय उरते, ते इथे ऐकू येते. वाक्याच्या शेवटी स्वर किंचित वर नेऊन सल्ला देण्याची पद्धत, ऐकणारीने अजून विचारलेले नसताना दिलेले उत्तर, आणि स्वतःच्या दुःखाविषयी बोलताना भाजीच्या भावासारखा सपाट झालेला सूर. या आंटींचा नवरा वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून आहे आणि छताच्या पंख्याकडे टक लावून असतो. म्हणून पंखा बंद न करता पुसावा लागतो. ही माहिती आचरेकर ज्या सहजतेने सांगतात, तिच्यामुळे प्रेक्षक आधी हसतो आणि मग गप्प होतो.

पण चित्रपट या आंटींना वर घेऊन जात नाही. कॅमेरा त्या मजल्यावर चढत नाही. इलाचे आयुष्य कुठे वळेल, हा चित्रपटाचा प्रश्न; आंटींचे काय होणार, हा नाही. डबेवाल्यांचेही तसेच. मावळ-जुन्नरकडून आलेली ही माणसे गाडीत भजन म्हणतात, डबे वाहतात आणि कथेचे चाक फिरवतात. मराठी इथे शहराचा पार्श्वध्वनी आहे. तो खरा आहे, प्रेमाने टिपलेला आहे, आणि त्याला स्वतःची गोष्ट नाही.

रोहेना गेरा यांचा 'सर' पाच वर्षांनी आला. हाही 'क्रिटिक्स वीक'मध्ये दाखवला गेला आणि तिथे त्याला वितरणासाठीचा गान फाउंडेशनचा पुरस्कार मिळाला. फ्रान्समध्ये तो 'मस्य' या नावाने २०१८ मध्येच लागला. आपल्याकडे चित्रपटगृहात यायला २०२० चा नोव्हेंबर उजाडला. रत्ना ही खेड्यातली तरुण विधवा मुंबईत अश्विनच्या घरी कामाला आहे. शहराकडे येतानाच्या प्रवासात ती हातात बांगड्या चढवते, कारण गावात तिला त्या घालता येत नाहीत. रत्नाची भूमिका तिलोत्तमा शोम या बंगाली अभिनेत्रीने केली आहे, अश्विनची विवेक गोम्बर यांनी. त्याच इमारतीत दुसऱ्या घरी काम करणारी लक्ष्मी ही रत्नाची मैत्रीण. ती गीतांजली कुलकर्णी यांनी केली आहे.

गोम्बर आणि कुलकर्णी यांना आपण आधी समोरासमोर पाहिले होते. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) गोम्बर बचाव पक्षाचे वकील होते आणि कुलकर्णी सरकारी वकील नूतन. तिथे दोघे एकाच पातळीवर, एकाच न्यायालयात उभे होते. इथे तो मालक आहे आणि ती शेजारची मोलकरीण. दोघांना एकमेकांशी बोलण्याचे कारणच उरत नाही. नटांच्या स्मृतीतून पाहिले तर मुंबईची उतरंड या एका बदलात दिसते.

लक्ष्मीचे काम ऐकण्याचे आहे. रत्ना अश्विनशी हिंदीत बोलते, मोजून बोलते, प्रत्येक वाक्याला 'सर' लावून बोलते. लक्ष्मीशी ती मराठीत बोलते आणि तिचे खांदे सैल होतात. शोम यांनी मराठीवर घेतलेली मेहनत जाणवते आणि तिला दाद द्यायला हवी. पण ते मराठी खरे वाटते यात समोर बसलेल्या कुलकर्णींचा वाटा मोठा आहे. त्यांचा हुंकार, मध्येच तोडलेले वाक्य, थट्टेत लपवलेली धास्ती यांमुळे दोघींचे बोलणे संवाद न राहता गप्पा होतात. पुढे 'गुल्लक' या मालिकेत याच कुलकर्णींनी हिंदी पट्ट्यातल्या कुटुंबातली आई अशी उभी केली, की तिकडच्या प्रेक्षकांना ती आपलीच वाटली. मराठी नाटकात घडलेला नट दुसऱ्याची बोली किती बारकाईने ऐकतो, याचा हा दाखला. 'सर'मध्ये मात्र लक्ष्मी रत्नासाठी आहे. रत्नाचा निर्णय कोणता, हे लक्ष्मीमुळे ठरत नाही. तिच्या भीतीतून फक्त त्या निर्णयाची किंमत आपल्याला कळते.

देशपांडे आंटी आवाज होत्या, लक्ष्मी कान होती. 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'मधल्या पार्वतीपाशी आल्यावर पहिल्यांदा कडेच्या बाईला एक घर मिळते, आणि ते तिच्याकडून काढून घेतले जाते. नायिका दोन मल्याळी परिचारिका : कनी कुसृतींची प्रभा आणि दिव्य प्रभांची अनू. पार्वती त्यांच्याच रुग्णालयात स्वयंपाक करते. तिच्या गिरणीकामगार नवऱ्याच्या पाठीमागे चाळीतली खोली राहिली आहे, पण खोलीचे कागद नाहीत. बिल्डरला जागा हवी आहे. इतकी वर्षे आपण इथे राहिलो, हे सिद्ध करायला पार्वतीजवळ स्वतःशिवाय पुरावा नाही आणि त्या शहरात माणूस हा पुरावा धरला जात नाही.

छाया कदम यांच्या भूमिका ओळीने पाहिल्या तर एक सूत्र दिसते. 'फँड्री'त (२०१३) त्या जब्याची आई आहेत. 'सैराट'मध्ये (२०१६) हैदराबादेत डोशाची गाडी चालवणारी आक्का. पळून आलेल्या आर्ची-परशाला निवारा तीच देते. 'लापता लेडीज'मधली मंजू माई हरवलेल्या नवरीला फलाटावर जागा करून देते. दिग्दर्शक वेगळे, प्रांत वेगळे, पण कदम यांच्याकडून मागणी एकच : रागीट चेहऱ्याची, परिस्थितीने टणक केलेली, दुसऱ्याला आसरा देणारी बाई. त्या बाईला आसरा कोण देणार, हा प्रश्न या चित्रपटांना पडत नाही. कपाडियांना पडला. त्यांनी आसरा देणारीलाच बेघर केले.

इथे दुय्यम भूमिका चित्रपटाची दिशा बदलते. पार्वती शहर सोडून रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या गावी परत जायचे ठरवते. प्रभा आणि अनू तिचे सामान पोचवायला सोबत जातात. म्हणजे उत्तरार्धात सारा चित्रपट पार्वतीच्या पाठोपाठ निघतो. मुंबईतल्या निळसर रात्री संपतात आणि कोकणातला उजेड येतो. प्रभाला नवऱ्याच्या सावलीतून सुटायला आणि अनूला शियाजबरोबर उघड्यावर भेटायला जी जागा मिळते, ती पार्वतीच्या गावाची आहे. पाहुणचार तिचा आहे. मार्सोप्रमाणे तीही वाड्यातून हाकललेली आणि आपल्या रानाकडे परतलेली. फरक हा, की रेन्वारचा कॅमेरा मार्सोमागे रानात जात नाही आणि कपाडियांचा कॅमेरा पार्वतीमागे गावात जातो.

कदम यांनी हे पेलले आहे कसे, ते दोन जागी पाहावे. गाव गाठण्याआधी पार्वती आणि प्रभा रात्री एका आलिशान इमारतीच्या जाहिरातफलकावर दगड मारतात. दुसऱ्या एखाद्या अभिनेत्रीने हा क्षण संतापाचा केला असता. कदम तो पोरकटपणाचा करतात. आंबे पाडायला निघालेल्या मुलीसारखा त्यांचा हात फिरतो. पराभव मान्य झाल्यावर माणसाला जी हलकी मोकळीक येते, ती त्यात आहे. गावी आल्यावर थोडी दारू पिऊन अनूबरोबर नाचतानाही तेच. पार्वती कुठेही दुःख दाखवत नाही, त्यामुळे ते दुःख आपल्याजवळ राहते.

आता हरकती. चित्रपटाची कल्पनाशक्ती शेवटी प्रभाची आहे. समुद्रातून वर काढलेल्या अनोळखी माणसात तिला नवरा दिसतो. वास्तवाच्या पलीकडे जाण्याची मुभा दिग्दर्शिका तिला देते. पार्वतीला अशी मुभा नाही. तिचा नवरा तिच्या स्वप्नात येत नाही, हरवलेली खोली येत नाही. श्रमाचे, कागदाचे, सामानाचे जग तिच्याकडे आणि मनाचे जग नायिकेकडे, ही जुनी वाटणी इथेही पूर्णपणे मोडलेली नाही. शिवाय गाव फार रिकामे आहे. भाऊबंद, वाटण्या, 'इतक्या वर्षांनी कशी आलीस' असे विचारणाऱ्या शेजारणी जवळजवळ नाहीत. कोकणातली बंद घरे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे गाव सोयीसाठी शांत केलेले वाटेल.

दुसरी हरकत अधिक आमच्याकडची आहे. शहराने हाकलले तर गावी परत जावे, या वळणासाठी गाव जागेवर असावे लागते. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली तेहतीस गावे सरदार सरोवराच्या पाण्याने बाधित झाली. मणिबेली हे त्यांतले पहिले. तिथल्या माणसाला पार्वतीचा उत्तरार्ध उपलब्ध नाही. कागदाची गोष्ट मात्र आम्हांला समजावून सांगावी लागत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात दर शंभरात सुमारे ६९ माणसे अनुसूचित जमातींची आहेत, आणि वनहक्काचा दावा म्हणजे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आपण ही जमीन कसतो हे दाखवणे, हे इथल्या पाड्यापाड्यांत ठाऊक आहे. त्या कायद्याच्या नियमांत एक शहाणपणाची तरतूद आहे : गावातल्या वडीलधाऱ्याचा जबाबही पुरावा धरला जातो. पार्वतीच्या चाळीला असा नियम नाही. म्हणून 'युरोपीय' ठरवलेल्या या चित्रपटातला सर्वांत देशी धागा नंदुरबारच्या प्रेक्षकाला पार्वतीच्या हरवलेल्या कागदात सापडतो. पैसा कुठून आला, याने त्यात फरक पडत नाही.

हीच कसोटी आपल्या चित्रपटांना लावली, तर उत्तर सुखाचे नाही. मराठी चित्रपटातही कडेची माणसे आहेत आणि त्यांत आम्ही आहोत. अहिराणी बोलणारा माणूस मुख्य प्रवाहातल्या मराठी चित्रपटात आला, तर बहुधा हशा पिकवण्यासाठी. मावची, पावरी, भिली यांना तेवढीही जागा नाही. जब्बार पटेल यांच्या 'जैत रे जैत'ने (१९७७) ठाकर समाजाला गोष्टीच्या मध्यभागी आणले, ही मोठी घटना होती. चिंधीच्या भूमिकेत स्मिता पाटील होत्या, आमच्या शेजारच्या शिरपूरच्या घराण्यातल्या. पण त्या चित्रपटातही ठाकर माणसे पडद्यावर साकारली ती बाहेरून आलेल्या नटांनी. 'फँड्री'ने कैकाडी शब्दच शीर्षकात आणला, तेव्हा दिसले की एखादी बोली कडेवरून मध्ये यायला एक दिग्दर्शक पुरतो, मात्र तो त्या कडेवर वाढलेला असावा लागतो. फ्रेंच सहनिर्मितीला मुंबईची मराठी बाई कडेला ठेवल्याबद्दल बोल लावताना, आपण आपल्या कडेला कुणाला ठेवले आहे, हेही विचारावे लागते.

तीन चित्रपट ओळीने ठेवले तर अकरा वर्षांत झालेला एक प्रवास दिसतो : खिडकीतून येणारा आवाज, जिन्यात भेटणारी मैत्रीण, आणि मग जिच्या मागे चित्रपट चालू लागतो अशी बाई. हा प्रवास निधीच्या नियमांनी घडवला असेल, असे वाटत नाही. तो दिग्दर्शकांच्या कुतूहलाने आणि त्याहून अधिक या तीन अभिनेत्रींनी घडवला. लिहून मिळाले होते त्यापेक्षा जास्त त्यांनी त्या जागेत भरले. पार्वतीच्या पुढची पायरी कोणती असेल, याचे उत्तर कानला मिळणार नाही. एखाद्या पार्वतीची गोष्ट पार्वतीच्याच बोलीत, तिच्या स्वप्नांसकट, कुणीतरी इकडे लिहायला घेईल तेव्हा ते मिळेल. ती बोली कोकणी वळणाची असेल, वऱ्हाडी असेल किंवा सातपुड्यातली पावरी असेल. त्या भूमिका पेलणाऱ्या अभिनेत्री आपल्याकडे आहेत. इतकी वर्षे त्या कडेला उभ्या राहून काम करतच आल्या आहेत.